अस्करची जोडघरं

शमीम,

तुला नेलं तेव्हा आम्ही बायका यूसुफभाईंच्या घरी सतरंजीवर बसून होतो. पुरुष कबरस्तानात गेले, त्यांच्याबरोबर माझा नवरा म्हणून सुरेशही गेला. मी येऊ का, असं मी कुणाला विचारलं नाही. तुझ्या भावाच्या घरात, तुझ्या माणसांमध्ये मी काय विचारणार? भाभीने माझ्या हातात पाण्याचा ग्लास ठेवला आणि मी तो बराच वेळ नुसता धरून बसले. कुणीतरी हलक्या आवाजात कुराण वाचत होतं. मला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि तेच बरं होतं. त्या दिवशी कळणाऱ्या भाषेतलं एक वाक्यसुद्धा मला सोसलं नसतं.

सुरेश परत आला. "मीपण माती दिली," म्हणाला. "यूसुफभाईंनीच हात धरून पुढे नेलं." एवढंच बोलला आणि अंघोळीला गेला. त्याची पँट मी सवयीने मशीनमध्ये टाकली, बटण दाबलं. पाणी आत यायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं, की गुडघ्यापाशी लागलेली ती माती कुठली होती. मशीन थांबवता आलं असतं. मी थांबवलं नाही. स्टुलावर बसून बघत राहिले.

त्यानंतर लोक भेटतात, तुझ्याबद्दल बोलतात. किती हुशार होती, किती हसतमुख होती, सगळ्यांना किती मदत करायची. मी मान हलवते. तू भांडायचीस किती, हे कुणीच म्हणत नाही. गाडीत, जिन्यात, माझ्या ओट्यापाशी, तोंडात घास असताना. तुझ्याशी भांडून झाल्यावर माणसाला भूक लागायची. आता मी जेवते ते वेळ झाली म्हणून.

आम्ही राहत होतो त्याच इमारतीत तू राहायला आलीस, तू पहिल्या मजल्यावर, आम्ही दुसऱ्या. इथे बहरीनला, अदलियातली ती दोन मजली इमारत, खाली कॅफे, संध्याकाळी गाड्या लावायला जागा नाही. पहिल्यांदा वर आलीस तेव्हा चहाचा कप एका हातात धरून दुसऱ्या हाताने तू माझ्या खिडकीची रुंदी वितीने मोजलीस. मी म्हटलं, "पडदे शिवता का तुम्ही?" तू हसलीस. "नाही हो, घरं काढते. म्हणजे कागदावर. बांधतात दुसरेच." मग विचारलंस, "ही खिडकी पश्चिमेला कुणी ठेवली? दुपारी इथे तुम्ही भाजून निघत असाल." इतकी वर्षं मी त्या खिडकीपाशी पोळ्या लाटत होते, घामाने निथळत होते, आणि माझ्याऐवजी त्या खिडकीवर चिडणारी तू पहिली होतीस. आठवड्याभरात 'अहो-जाहो' सुटलं.

तुझं घर आणि माझं घर यांच्यातच आपल्या वादाचं मूळ होतं, हे मला फार उशिरा कळलं. तू खाडीकाठच्या गावातली. तुझ्या अब्बांनी इथे राबून तिकडे मोठं घर बांधलं. वर गच्ची, खाली फरशी, दर्शनी भागाला नक्षीची जाळी, आणि त्यात राहायला आई, यूसुफभाई आणि तू. अब्बा दोन वर्षांतून एकदा पाहुण्यासारखे यायचे. लहानपणी तुला वाटायचं, की बहरीनलाही अब्बांचं असंच घर असेल. मग नोकरीला इथे आलीस आणि यूसुफभाईंनी तुला मनामाच्या सूकमधली, जुन्या बाजारातली ती खोली दाखवली. एका दुकानाच्या वर, लोखंडी जिन्याने जायचं. भिंतीलगत एका खाटेची जागा आणि वर एक खिळा. "इथे अब्बा राहायचे," भाऊ म्हणाला. "किती वर्षं?" तू विचारलंस. "सगळीच," तो म्हणाला. हे मला सांगताना तू रडली नव्हतीस. खाटेची लांबी तेवढी सांगितलीस. अब्बा उंच होते, त्यांचे पाय बाहेर जात असणार, असं म्हणालीस.

आणि मी साखर कारखान्याच्या कॉलनीतली. एकसारखी क्वार्टरं, एकसारखे पिवळे रंग, प्रत्येक दारावर आकडा. बाबा बॉयलरवर होते. आमचं क्वार्टर चांगलं होतं, मागे अंगण होतं, आईने तिथे कढीपत्ता, अळू, मोगरा सगळं लावलेलं. बाबा गेले तेव्हा कारखान्याचे लोक फार चांगले वागले. साहेब स्वतः भेटायला आले, आईसमोर हात जोडून उभे राहिले, आणि जाताना म्हणाले, "घाई नाही, सावकाश सोडा." हे 'सावकाश' मी कधी विसरले नाही. आईने कढीपत्त्याचं झाड मुळासकट उपटलं आणि पोत्यात भरलं. मामाच्या घरी ते लागलं नाही.

तुझ्याकडे घर होतं आणि त्यात माणूस नव्हता. आमच्याकडे माणसं होती आणि घर कारखान्याचं. म्हणून मालकाने मजुरासाठी बांधलेलं घर म्हटलं, की तुझे डोळे चमकायचे आणि मला ते 'सावकाश' ऐकू यायचं.

तुझी ती इंग्लंडमधली घरं. तरुणपणी शिष्यवृत्तीवर गेलीस तेव्हा वर्षभर तू तीच मोजत हिंडलीस. राणी व्हिक्टोरियाच्या काळात तिथल्या मोठ्या जमीनदारांनी आपल्या शेतमजुरांसाठी, माळ्यांसाठी, गाडीवानांसाठी बांधलेली छोटी घरं. दोन-दोन घरं खांद्याला खांदा लावल्यासारखी जोडलेली, मध्ये एक भिंत सामाईक. तू त्यांना जोडघरं म्हणायचीस. इतकं ऐकलं होतं मी त्यांच्याबद्दल, की तुझ्या कॉलेजने जुन्या विद्यार्थ्यांना बोलावलं आणि तू म्हणालीस, "चल, तुला दाखवते," तेव्हा सुरेशच आधी म्हणाला, "जा बाई. नाहीतर त्या तुला जन्मभर नकाशावरच दाखवतील."

ते गाव अजून डोळ्यांसमोर आहे. उन्हाळा म्हणे, आणि मी दोन स्वेटर घालून कुडकुडत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाल विटांची घरं, उतरत्या उंच छपरांची, छपराच्या कडेला लाकडाची कातीव पट्टी, जोडीने उभ्या असलेल्या धुराच्या उंच चिमण्या, दारावर छोटंसं छप्पर टाकलेली पुढे आलेली जागा. प्रत्येक घराच्या कपाळावर दगडात कोरलेली मालकाची अक्षरं. बिस्किटाच्या डब्यावरचं चित्र बघावं तसं मी बघत होते आणि तू पळत होतीस. खरंच पळत होतीस, त्या वयात, केस उडताहेत, पर्स उघडी.

"ही बघ पडवी," तू ओरडलीस. "ही आपली पडवीच आहे की नाही सांग!"

"एवढीशी?" मी म्हटलं. "हिच्यात माणूस बसणार की छत्री?"

"छत्रीच. चिखलाचे बूट. आत शिरण्याआधी माणसाला जरा थांबायला जागा. तेवढी दिली ना कुणीतरी? आधी काय होतं माहीत आहे? एका खोलीत सगळं घर झोपायचं, आजारी, म्हातारं, तान्हं, सगळं. या लोकांनी वर तीन खोल्या काढल्या. आईबापांची एक, मुलांची एक, मुलींची एक. खाली स्वयंपाकघर, धान्याची थंड खोली, मागे भाजीपाल्याला जमीन, डुकराला खोपट. कोणीतरी बसून विचार केलाय अनघा, की मजुराची मुलगी कपडे कुठे बदलेल."

मी मान वर करून वरच्या खिडक्या मोजल्या. 

त्यातल्या एका घरातल्या म्हातारीने आपल्याला आत बोलावलं, आठवतं? तू दाराची चौकट न्याहाळत उभी होतीस आणि तिने विचारलं, काही हरवलंय का. मग चहा. बाहेरून त्या खिडक्या किती सुंदर होत्या, पत्त्यांतल्या चौकटीच्या आकाराच्या छोट्या छोट्या काचा. आत भरदुपारी दिवा लावलेला. म्हातारी म्हणाली, या खिडक्यांतून उजेड येत नाही, पण बदलता येत नाहीत, गावाचं रूप बिघडतं. मी तुझ्याकडे बघितलं. तू कपात बघितलंस.

मग ती सहज, केक कापता कापता सांगायला लागली. तिची आजी याच गावात, पलीकडच्या घरात राहायची. आजोबा नांगर धरायचे. ते वसंतात वारले आणि नव्या नांगऱ्याला घर हवं होतं, म्हणून कापणीच्या आत आजीला मुलांसकट निघावं लागलं. "मालक फार भला होता," म्हातारी म्हणाली. "त्याने गाडी दिली सामान न्यायला."

मी कप खाली ठेवला. केक तसाच राहिला. तुला ते दिसलं, कारण टेबलाखाली तू माझ्या गुडघ्यावर हात ठेवलास. भांडणात माझी बाजू बळकट झालेली असताना तू माझ्या गुडघ्यावर हात ठेवलास. असं करणारं आता कोण आहे मला?

बाहेर आल्यावर तू स्वतःच मला टेकडीमागे घेऊन गेलीस. रस्त्यावरून न दिसणारी घरांची रांग होती तिथे. साधी, बुटकी, ना कातीव पट्टी ना पुढची ती जागा. "पाहुण्यांची बग्गी इकडे यायची नाही," तू म्हणालीस. "म्हणून इथे खर्च नाही केला."

"मग मी काय वेगळं सांगते?" मी म्हटलं. "ती पुढची घरं राहणाऱ्यांसाठी नव्हतीच. बघणाऱ्यांसाठी होती."

"असू देत. मालक मेला, त्याचा हेतू त्याच्याबरोबर मेला. भिंत उरली. त्या भिंतीआड आज ती बाई चहा पिते."

"नावं अजून मालकाचीच आहेत भिंतीवर."

"नाव वाचायला कोण जातं? घर चांगलं असलं की माणूस त्यात चांगला राहतो. पुढचं पुढे."

"आणि 'सावकाश सोडा' म्हणतात तेव्हा?"

बसमध्ये तू खिडकीकडे तोंड करून बसलीस. तिकडेच बघत म्हणालीस, "मी एकदा बांधून दाखवते तुला. मग बोल."

ती संधी आली तेव्हा तू जिना चढून धावत वर आलीस, दार वाजवायचंही विसरलीस. एका कंत्राटदाराला अस्कर गावाच्या अलीकडे कामगारांची वस्ती बांधायची होती आणि तुमच्या ऑफिसला काम मिळालं होतं. सुरेश नुकताच शिफ्टवरून आला होता, अॅल्युमिनियमच्या भट्टीची धग अंगावर घेऊन. तू त्याला अंघोळीलाही जाऊ दिलं नाहीस.

"सुरेशभाऊ, तुम्ही लग्नाआधी लेबर कॅम्पात राहिलात ना? सगळ्यात जास्त काय नव्हतं तिथे? खरं सांगा."

मला वाटलं, तो म्हणेल जेवण, किंवा झोप. त्याने पायांकडे बघत विचार केला. "चपला काढायला जागा," तो म्हणाला. "खोलीतल्या सगळ्यांच्या चपला-बूट दारात ढिगाने पडायचे. पहाटे अंधारात आपली जोडी शोधायची. एकदा तर दोन पायांत दोन वेगळे बूट घालून गेलो."

तू हसली नाहीस. "पडवी," एवढंच म्हणालीस आणि माझ्या ओट्यावर, पिठाच्या बोटांच्या खुणा असलेल्या जागी, पेन्सिलीने चौकोन काढायला लागलीस.

त्या वस्तीसाठी तू काय काय केलंस ते मी पाहिलंय. तिकडच्या थंडीतलं घर इकडच्या उन्हात कसं आणायचं, हा तुझा ध्यास झाला. उतरतं छप्पर गेलं, त्याऐवजी जाड भिंती आणि पुढे आलेली सावली आली. चिमणीच्या जागी जुन्या बहरीनी घरांवर असतो तसा वारा पकडणारा छोटा बुरूज. चार माणसांना एक घर, प्रत्येकाच्या खाटेला स्वतःची खिडकी, दोन घरांना एक सामाईक भिंत, मागे कोथिंबीर-पुदिना लावण्यापुरती माती, आणि पुढे ती पडवी, बसता येईल एवढ्या कठड्याची. तू म्हणायचीस, संध्याकाळी माणसाने घराच्या बाहेरही असावं आणि घरातही असावं, अशी जागा मला हवी.

कंत्राटदाराचा इंजिनिअर बघून म्हणाला, "मॅडम, बहुत अच्छा है. पहले दो बना लेते हैं, सॅम्पल. बाकी इंशाल्ला." घरी येऊन तू त्याची नक्कल केलीस आणि म्हणालीस, "त्याच्या तोंडचं इंशाल्ला म्हणजे मफी, होणारच नाही." आपण किती हसलो. पण तुला आतून खात्री होती. दोन उभी राहिली, की ती बघून बाकीची होतीलच, असं तुला वाटत होतं. चांगली गोष्ट डोळ्यांनी दिसली, की माणसाला तीच हवीशी वाटते, असं तू मानायचीस. एवढं जग बघून तू असं कसं मानत राहिलीस, शमीम?

जोडघर उभं राहिलं. गेटच्या अगदी आत, रस्त्यावरून दिसेल असं. परदेशी कंपनीचे लोक कामगारांची सोय तपासायला यायचे होते, त्यांना तिथेच आणलं. चार-चार माणसं राहायला दिली होती, त्यांनी स्वच्छ कपडे घातले होते. फोटो निघाले. तुलाही बोलावलं होतं, तू निळी ओढणी घेऊन गेली होतीस. त्या शुक्रवारी तू सांदणं केलीस आणि मला म्हणालीस, "आता बोल." मी म्हटलं, "सुंदर आहे." खरोखर सुंदर होतं. तुझ्या एका फोटोत पडवीच्या कठड्यावर बसून एक माणूस फोनवर घरी बोलत होता, आणि मी पहिल्यांदा मनात म्हटलं, हिचंच बरोबर असेल तर किती बरं होईल.

मग काहीच आलं नाही. फोन नाही, पुढचं काम नाही. मागच्या मोकळ्या जागेत पत्र्याचे लांब लांब शेड उभे राहिले, एकमेकांना चिकटून. तू इंजिनिअरला फोन केलास, तो म्हणाला, "मॅडम, सॅम्पल पास हो गया ना? खलास." तू परत विचारलंस, "बाकीची?" तो म्हणाला, "वही तो था सॅम्पल."

पुढच्या रस्त्याला सुंदर घर, टेकडीमागे बुटकी रांग. तुला ते माझ्याआधी कळलं असणार.   आयुष्यात पहिल्यांदा आपण एका गोष्टीवर भांडलो नाही, आणि ते मौन मला कुठल्याही भांडणापेक्षा जड गेलं. काही शुक्रवारी तू एकटीच गाडी घेऊन अस्करला जायचीस, गेटबाहेर थांबून बघून यायचीस. मग ते बंद झालं. मग तुझी पाठ दुखायला लागली, आणि तपासण्या झाल्या तेव्हा कळलं, की पाठीचं कारण पाठीत नव्हतं.

हॉस्पिटलमधल्या तुझ्या खोलीबद्दल मला काही लिहायचं नाही. तू तिथली खिडकीही मोजली होतीस, एवढं पुरे.

शेवटच्या दिवसांत एकदा तू म्हणालीस, "अनघा, अस्करला जाऊन ये. आत जा. लोक कसे राहतात ते बघून मला सांग." मी म्हटलं, "बरी हो, आपण दोघी जाऊ." तू माझ्याकडे असं बघितलंस, की मला माझ्याच बोलण्याची लाज वाटली. त्याच शुक्रवारी मी सुरेशला घेऊन तिथे गेले.

जाताना सुरेश म्हणाला, "गेटवरचा माणूस ओळखीचा आहे, आत सोडेल." त्याने सोडलंही. पण मला आधी घर दिसलंच नाही. बुरुजाचं तोंड पत्र्याने बंद केलं होतं, त्यावर पाण्याची टाकी. मागच्या वाफ्यांवर सिमेंट ओतलेलं, तिथे गॅसची सिलिंडरं रचलेली. भिंतींना लावलेले एसी आणि त्यांचं गळणारं पाणी. आणि पुढे पडवी नव्हती. कठड्यापासून वर छतापर्यंत प्लायवूड ठोकून ती बंद केली होती, त्यात एक छोटं दार.

सुरेशने दार वाजवलं. आतून आवाज आला, "कौन?"

"मराठी आहे का कोणी?" सुरेशने विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक.

दार उघडलं. एक पोरसवदा नव्हे, चांगला चाळिशीचा माणूस, बनियनवर. रात्रपाळी करून झोपला होता. खेडकडचा निघाला. तुझ्या पडवीत, शमीम, दोन मजली दोन खाटा होत्या. चार माणसं. मधून एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच वाट. आतल्या खोल्यांत किती जण होते ते मी मोजलं नाही, मला मोजवलं नाही. त्याने खाटेवरचं पांघरूण सारून मला बसायला जागा केली. "बसा ताई," म्हणाला. मी बसले, पाठ तुझ्या कठड्याला लागली. तो अजून होता, खाटेच्या मागे, त्यावर त्यांनी डबे आणि देवाचा फोटो ठेवला होता.

"ही पडवी होती," मी म्हटलं.

त्याने मान वर करून चारी बाजूंना बघितलं, आपल्याला सांगितलंय तर बघायला हवं म्हणून. "असेल," म्हणाला. "मी आलो तेव्हापासून हे असंच आहे."

मला त्याला सांगायचं होतं की हे कोणीतरी तुझ्यासाठी काढलं होतं. तुला बसायला, तुझे बूट काढायला, घरी फोन करायला. ती आता हॉस्पिटलमध्ये आहे आणि तुझ्याबद्दल विचारतेय. पण ते त्याला सांगून काय होणार होतं? खाट थोडी मोठी झाली असती?

तो थोडा घुटमळला. मग सुरेशला म्हणाला, "साहेब, तुम्ही एसीचं बघायला आलात ना? आतला एसी इकडे पोचत नाही. प्लाय तापतं. दुपारी झोप लागत नाही, डोळे जळतात कामावर."

"नाही रे," सुरेश म्हणाला. "आम्ही कंपनीचे नाही."

"मग?" त्याने विचारलं.

 सुरेश म्हणाला, "असेच आलो होतो." त्या माणसाचा चेहरा उतरला, पण त्याने तो लगेच सावरला, कारण आम्ही पाहुणे होतो. चहाला थांबा म्हणाला. आम्ही थांबलो नाही. गाडीत सुरेशने चावी लावली आणि फिरवलीच नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. "आमच्या कॅम्पात निदान," तो म्हणाला, आणि ते वाक्य त्याने पूर्ण केलं नाही. 

तिथून सरळ तुझ्याकडे आले. येताना ठरवत आले होते, की काय सांगायचं. एकही शब्द खोटा सांगायचा नाही, पण आधी कठडा अजून आहे ते सांगायचं. लोक राहताहेत ते सांगायचं. देवाचा फोटो ठेवलाय ते सांगायचं. तू उशीला टेकून बसली होतीस, ओठ कोरडे पडले होते. मी आत आले, खुर्ची ओढली.

"सांगू नकोस," तू म्हणालीस.

"अगं, ऐक तर."

"नेहमी भांडायला येतेस तशी आलेली नाहीस. कळलं मला."

मी तुझा हात धरला. तळवा गरम होता आणि बोटं गार. बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं. तू डोळे मिटलेस. मला वाटलं, झोपलीस. मग डोळे न उघडताच म्हणालीस, "तू म्हणत होतीस तेच खरं होतं गं. घर मालकाचंच असतं. राहणाऱ्याचं काही नसतं."

"असं नको म्हणूस," मी म्हटलं.

"का? जिंकलीस ना?"

"शमीम, त्या म्हातारीचं काय? अजून चहा पीत असेल ती. भिंत उरते, तूच म्हणायचीस. भांड ना माझ्याशी."

"दमले," तू म्हणालीस.

त्यानंतर यूसुफभाई आले, नर्स आली, मला उठावं लागलं. दुसऱ्या दिवशी तू कुणाशीच बोलत नव्हतीस.

इतकी वर्षं लोकांना वाटलं, मला माझंच खरं करायचं असतं. तुलाही तसंच वाटलं असेल, आणि जाताना तू मला माझं खरं देऊन टाकलंस, लहान मुलाला रडं थांबावं म्हणून हातात काहीतरी देतात तसं. मी ते घेऊन काय करू? साहेब आईसमोर हात जोडून उभे होते तेव्हापासून मला एवढंच ठाऊक आहे, की घर दिलं जातं आणि परत घेतलं जातं. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी हे तुझ्यासमोर दर वेळी पुन्हा पुन्हा मांडायचे, आणि तू ते दर वेळी हाणून पाडायचीस, डोळे मोठे करून, हातातला चमचा नाचवत. मी जिना चढून घरात यायचे आणि मला वाटायचं, कदाचित तसं नसेलही.

मला हरायचं होतं, शमीम. मी तुझ्याशी भांडत होते ते हरायला मिळावं म्हणून.